अमेरिकेचें स्वप्न आणि सुखाची कल्पना

‘अमेरिकन स्वप्न’ हा शब्दप्रयोग आपल्या सुशिक्षित घरांतून हल्लीं इतक्या सहजपणें केला जातो कीं, त्याचा अर्थ काय हें कोणी कोणास विचारीत नाहीं. चिरंजीव कॅलिफोर्नियांत नोकरीस लागले, त्यांनीं स्वतःचें घर घेतलें, दारांत दोन मोटारी उभ्या राहिल्या, म्हणजे स्वप्न साकार झालें असें आपण समजतों आणि पेढे वांटतों. पेढे वांटण्यास माझी मुळींच हरकत नाहीं. पस्तीस वर्षें शाळेंत शिकविल्यामुळें माझे बरेच विद्यार्थी त्या देशांत आहेत, आणि त्यांच्या घरचे पेढे मीं आनंदानें खाल्ले आहेत. परंतु पेढा तोंडांत असतांनाहि एक शंका मनांत डोकावतेच : हें स्वप्न नक्की कोणाचें? मुलाचें, त्याच्या पत्नीचें, येथें राहिलेल्या आईबापांचें, कीं शेजारच्या बिऱ्हाडाचें? आणि खुद्द अमेरिकेंत जन्मलेल्यांस तरी तें एकाच रूपानें दिसत आलें आहे काय?

ह्या शंकेच्या मुळाशीं जावयाचें तर त्या राष्ट्राच्या जन्मकुंडलीपासूनच आरंभ केला पाहिजे. ता. ४ जुलै १७७६ रोजीं फिलाडेल्फिया येथें अमेरिकन वसाहतींच्या प्रतिनिधींनीं स्वातंत्र्याचा जाहीरनामा मान्य केला. त्याचा मसुदा मुख्यतः टॉमस जेफर्सन ह्या तेहतीस वर्षांच्या गृहस्थाच्या हातचा होता. मनुष्यमात्रास जन्मतः मिळालेले आणि कोणासहि हिरावून घेतां न येणारे जे हक्क त्यांत सांगितले आहेत, त्यांत तिघांचीं नांवें मुद्दाम घेतलीं आहेत : जीवित, स्वातंत्र्य, आणि सुखाच्या मागें जाण्याची मोकळीक. जॉन लॉक ह्या इंग्रज तत्त्ववेत्त्यानें जवळजवळ एक शतक आधीं जीवित, स्वातंत्र्य व मालमत्ता अशी जोडणी केली होती. जेफर्सननें मालमत्ता काढून तेथें सुख बसविलें. राज्यकारभाराच्या दस्तऐवजांत सुखासारखा निसरडा शब्द घालणें हें धाडसच होतें. जमीन मोजतां येते, तिची खातेफोड करतां येते. सुखाचा सात-बारा कोणत्या तलाठ्यानें लिहावा?

वर्गांत ह्या तिसऱ्या हक्काचें मराठी करावयास सांगितलें कीं हुशार मुलेंहि अडखळत. ‘सुखाचा पाठलाग’ म्हटलें तर चोरामागें शिपाई लागल्यासारखें वाटतें. ‘सुखाचा शोध’ म्हटलें तर सुख आपल्या घरांतून हरवलें आहे अशी कबुली दिल्यासारखें होतें. अठराव्या शतकांतील इंग्रजींत त्या मूळ शब्दास एखादा व्यवसाय नेमानें चालविणें असाहि अर्थ होता, जसें एखाद्यानें वैद्यकी चालविली किंवा शेती केली. आर्थर श्लेसिंजर (थोरले) ह्या अमेरिकन इतिहासकारांनीं १९६४ सालीं हाच मुद्दा पुढें मांडला. जाहीरनाम्यांतला हक्क सुखामागें नुसतें धांवण्याचा नसून तें प्रत्यक्ष आचरण्याचा आहे, असें त्यांचें म्हणणें. मला हा अर्थ पटतो, कारण तो आपल्या शब्दाशींहि जुळतो. ऋग्वेदांत ‘सुख’ हा शब्द रथाचें विशेषण म्हणून येतो. ‘ख’ म्हणजे छिद्र; चाकाच्या तुंब्यांतलें आंसाचें भोंक नीट असलें म्हणजे रथ न खडखडतां चालतो, तो सुख रथ, अशी एक जुनी व्युत्पत्ति आहे. व्युत्पत्तीच्या खुंटीवर फार मोठें ओझें टांगूं नये, हें मी विद्यार्थ्यांना नेहमीं सांगत असें. तरी एवढें दिसतें कीं, मुक्कामापेक्षां चालीचा संबंध ह्या शब्दाशीं अधिक होता.

जाहीरनामा लिहिणारांनीं सुख देण्याचें वचन कोणास दिलें नाहीं. त्याच्या मागें जाण्याची मोकळीक मात्र मान्य केली. सुख म्हणजे काय, हेंहि त्यांनीं सांगितलें नाहीं. त्यामुळें पुढच्या अडीचशें वर्षांत ज्यानें त्यानें त्या रिकाम्या चौकटींत आपल्या मनचें चित्र बसविलें. भांडण झालें तें चित्रांबद्दल थोडें, आणि चौकट कोणास मिळावी ह्याबद्दल फार.

पहिलें भांडण खुद्द जेफर्सनच्या घरांत होतें. त्याच्या हयातींत सहाशेंहून अधिक माणसें गुलाम म्हणून त्याच्या मालकीचीं होतीं. गुलामाच्या मनांतलें स्वातंत्र्य कसें असतें, हें जाणावयाचें असेल तर मेरीलंड प्रांतांत १८१८ च्या सुमारास गुलाम म्हणूनच जन्मलेल्या फ्रेडरिक डग्लसचें आत्मवृत्त पाहावें. लहानपणीं बाल्टिमोर येथें मालकिणीनें त्याला मुळाक्षरें शिकविण्यास आरंभ केला. मालकाला हें कळतांच तो संतापला. गुलामाला वाचतां येऊं लागलें कीं तो गुलाम म्हणून राहावयाचा नाहीं, असें त्यानें बायकोला बजावलें. पोर तेथेंच उभा होता. ज्या गोष्टीला मालक इतका भितो तीच आपली वाट, असा धडा त्यानें त्या संतापांतून घेतला, आणि रस्त्यावरच्या गोऱ्या मुलांना पावाचे तुकडे देऊन त्यांच्याकडून तो वाचावयास शिकला. शिक्षकाच्या पेशांत माझें आयुष्य गेलें, पण एवढी फी भरलेला विद्यार्थी मीं पाहिला नाहीं.

पुढें तो जहाजांच्या फटी बुजविण्याचें काम करी. आठवड्याची मजुरी मात्र शनिवारीं मालकाच्या हातीं ठेवावी लागे. ३ सप्टेंबर १८३८ रोजीं खलाशाच्या वेषांत आगगाडीनें तो निसटला. न्यू बेडफर्ड गांवीं एका घरापुढें पडलेला कोळसा आंत नेऊन रचल्याबद्दल त्या घरच्या बाईनें त्याच्या हातावर अर्ध्या डॉलरचीं दोन नाणीं ठेविलीं. तीं काढून घेणारा आतां कोणी मालक नव्हता. त्या दिवशीं डग्लसच्या लेखीं स्वातंत्र्य आणि सुख ह्या दोन निराळ्या वस्तु उरल्या नव्हत्या. चौदा वर्षांनीं, ५ जुलै १८५२ रोजीं, रॉचेस्टर येथें स्वातंत्र्यदिनानिमित्त भाषण करण्यास त्याला बोलाविलें, तेव्हां त्यानें श्रोत्यांना उघड विचारलें कीं, हा तुमचा सण गुलामाच्या कोणत्या उपयोगाचा? पाहुण्यानें यजमानांस असें विचारणें शिष्टाचारास धरून नाहीं असें कोणी म्हणेल. मला तें सर्वस्वीं धरून वाटतें.

त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या काँकॉर्ड गांवचा हेन्री डेव्हिड थोरो हा पदवीधर तरुण अगदीं निराळ्या दिशेनें निघाला होता. ४ जुलै १८४५ रोजीं तो वॉल्डन नांवाच्या तळ्याकांठीं स्वतः बांधलेल्या खोपट्यांत राहावयास गेला. त्याला खर्च आला अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट; हिशेब त्यानें खिळ्यांपर्यंत मांडून ठेविला आहे. वर्षांतून सुमारें सहा आठवडे अंगमेहनत केली तर पोटापुरतें मिळतें, उरलेला काळ आपला, हें त्याचें गणित. त्या तळ्यावर सकाळीं तो भगवद्गीता वाचीत असे. चार्ल्स विल्किन्सनें केलेलें तिचें १७८५ चें इंग्रजी भाषांतर त्याच्या वाचनांत होतें. १८४६ त डोईपट्टी भरण्याचें नाकारल्याबद्दल तो एक रात्र तुरुंगांतहि काढून आला, कारण गुलामगिरी चालविणाऱ्या व मेक्सिकोशीं लढणाऱ्या सरकारला त्याला पैसा द्यावयाचा नव्हता. ह्या प्रसंगावरून त्यानें लिहिलेला निबंध पुढें गांधीजींनीं वाचला. थोरो त्या खोपट्यांत दोन वर्षें दोन महिने राहिला. टीकाकार म्हणतात, त्याच्या आईचें घर जवळच होतें व तो मधूनमधून तेथें जेवावयास जाई. असेना! आपल्याकडच्या वानप्रस्थांनाहि सुनेकडून डबा येतोच कीं.

थोरोनें तळें सोडल्याला वर्ष होतें न होतें तोंच, १८४८ त, स्कॉटलंडमधील डनफर्मलिनचें एक विणकराचें कुटुंब पेनसिल्व्हेनियांत येऊन उतरलें. यंत्रमागांनीं बापाचा हातमाग बसविला होता. मुलगा अँड्र्यू कार्नेजी कापसाच्या गिरणींत आठवड्यास एक डॉलर वीस सेंटांवर पोऱ्या म्हणून लागला. हाच मुलगा पुढें पोलादाचा राजा झाला व १९०१ सालीं त्याची कंपनी अठ्ठेचाळीस कोटि डॉलरांना विकली गेली. ही कथा सर्वश्रुत आहे; अमेरिकन स्वप्न म्हणतांच आपल्यापुढें उभी राहते ती हीच. कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी कीं, १८६८ त, वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं, त्यानें स्वतःसाठींच एक टिपण लिहून ठेविलें होतें. द्रव्यसंचयाची पूजा ही पूजेच्या हीन प्रकारांपैकीं एक आहे, तेव्हां दोन वर्षांत धंद्यांतून मोकळें होऊन विद्याभ्यासास लागावें, असा त्याचा आशय. तो मोकळा झाला आणखी तेहतीस वर्षांनीं. मधल्या काळांत, १८९२ त, त्याच्या होमस्टेड येथील कारखान्यांत मजुरीच्या कपातीवरून तंटा होऊन माणसें गोळीबारांत मेलीं; मालक त्या वेळीं स्कॉटलंडांत होता. अखेरीस त्यानें संपत्तीचा बहुतेक भाग दान केला व जगभर अडीच हजारांवर ग्रंथालयें बांधून दिलीं, ह्याबद्दल मला त्याच्याविषयीं आदर आहे. तरी तें १८६८ चें टिपण आठवलें कीं वाईट वाटतें. सुखाची स्वतःची व्याख्या त्याला ठाऊक होती, ती त्यानें लिहूनहि ठेविली होती. ती उघडून पाहावयास त्याला सवड झाली नाहीं.

मौज ही कीं, ‘अमेरिकन स्वप्न’ हे शब्द लोकांच्या तोंडीं बसले ते पुष्कळ उशिरां, आणि तेहि संपन्नतेच्या दिवसांत नव्हे. जेम्स ट्रस्लो ॲडम्स ह्या इतिहासकारानें १९३१ सालीं ते रूढ केले, म्हणजे बँका बुडत होत्या आणि शहरांतून बेकारांच्या रांगा लागल्या होत्या त्या वेळीं. आपल्या ग्रंथाला तेंच नांव द्यावें अशी त्याची इच्छा होती. स्वप्नासाठीं कोण पैसे मोजणार, म्हणून प्रकाशकानें तें नाकारलें व ग्रंथ ‘द एपिक ऑफ अमेरिका’ ह्या नांवानें निघाला. मोटारी आणि मोठे पगार एवढ्यानें हें स्वप्न पुरें होत नाहीं. कोणाच्या पोटीं जन्म झाला हें न पाहतां प्रत्येकास आपल्या अंगच्या गुणांप्रमाणें वाढतां आलें पाहिजे, असा खुलासाहि त्यानें केला होता. शब्द टिकले, खुलासा गळाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर तर ह्या स्वप्नास दारें-खिडक्याच फुटल्या. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ पासून लेव्हिटाउन ही वसाहत उभी राहिली; एकाच सांच्यांतलीं सतरा हजारांहून अधिक घरें, पुढें हिरवळ, स्वयंपाकघरांत नवीं यंत्रें. लढाईवरून परतलेल्या शिपायांस तीं परवडतील अशा दरानें मिळालीं. मात्र आरंभींच्या करारांत अशी अट होती कीं, गोऱ्या वंशाखेरीज दुसऱ्या कोणास तेथें राहूं देऊं नये. त्याच लढाईंत लढलेल्या काळ्या शिपायानें ती हिरवळ रस्त्यावरून पाहावी. २८ ऑगस्ट १९६३ रोजीं वॉशिंग्टन येथें मार्टिन ल्यूथर किंग ह्यांनीं आपल्या स्वप्नाविषयीं जें भाषण केलें, त्यांत १७७६ चा जाहीरनामा ही एक हुंडी असून काळ्या नागरिकांच्या बाबतींत ती वटलेली नाहीं, असाच दावा होता. व्यापाऱ्याच्या भाषेंत केलेला हा दावा व्यापारी राष्ट्राला लवकर समजला असावा.

आतां आपल्या माणसांकडे वळूं. महाराष्ट्रांतून त्या देशीं जीं माणसें आरंभींच्या काळांत गेलीं, त्यांचें स्वप्न घराचें नव्हतें आणि पगाराचेंहि नव्हतें. आनंदीबाई जोशी ह्यांना चौदाव्या वर्षीं मुलगा झाला व तो दहा दिवसांत गेला. वैद्यकीय मदत हातीं नसली म्हणजे बायका-मुलांचें काय होतें, हें त्यांनीं स्वतःच्या घरांत पाहिलें. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं बंगालमधील सेरामपूर येथें त्यांनीं भाषण करून आपण अमेरिकेस कां जातों हें लोकांस समजावून सांगितलें. हिंदु म्हणून जाईन आणि हिंदु म्हणूनच परत येईन, असा निश्चयहि बोलून दाखविला. एप्रिलांत त्या कलकत्त्याहून बोटीनें निघाल्या. वय अठरा. यजमान गोपाळराव मागें राहिले. हें वाक्य वाचून पुढें जाऊं नये, क्षणभर थांबावें, अशी माझी आमच्या भगिनींस विनंति आहे. ज्या काळीं नवऱ्याचें नांव घेणें अमर्याद समजत, त्या काळीं पत्नी पुढें गेली व पति मागाहून गेला.

न्यू जर्सींतील रोझेल गांवच्या मिसेस कार्पेंटर ह्यांनीं त्यांना लेकीप्रमाणें संभाळलें. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून ११ मार्च १८८६ रोजीं त्या पदवीधर झाल्या. हिंवाळा सोसला नाहीं, अन्न सोसलें नाहीं. क्षयानें शरीर पोखरलें. कोल्हापूरच्या इस्पितळांत स्त्री-विभागाची जागा त्यांच्यासाठीं ठेविलेली होती, पण ती हातीं घेण्यापूर्वींच २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत त्यांचें देहावसान झालें. वयाचीं बावीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. त्यांची रक्षा मिसेस कार्पेंटरकडे पाठविण्यांत आली व न्यूयॉर्क राज्यांतील पकिप्सी येथें त्या कुटुंबाच्या दफनभूमींत ठेवण्यांत आली. ‘बिचारी’ हा शब्द त्यांच्या नांवामागें लावण्याची आपल्याकडे प्रथा आहे. मला ती पसंत नाहीं. त्यांनीं त्या देशाजवळ एकच गोष्ट मागितली होती, विद्या, आणि ती मिळवून त्या परत आल्या.

त्यांच्या पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून गेल्या होत्या. जावयाचें होतें थोड्या दिवसांसाठीं. राहिल्या १८८८ च्या अखेरीपर्यंत. गांवोगांव व्याख्यानें दिलीं, बायकांच्या संस्था पाहिल्या, शिशुशिक्षणाची पद्धति अभ्यासिली. ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हें त्यांचें मराठी पुस्तक १८८९ त निघालें. अमेरिकेस जाणाऱ्या प्रत्येक मराठी मुलीच्या सामानांत तें असावें असें मला वाटतें, कारण तें भारावलेल्या डोळ्यांनीं लिहिलेलें नाहीं. तेथील स्त्रियांनीं एकत्र येऊन काय काय उभारलें ह्याची त्यांनीं मनापासून वाखाणणी केली. परंतु काळ्या लोकांना व त्या भूमीच्या मूळ रहिवाशांना कसें वागविलें जातें हेंहि त्यांच्या नजरेंतून सुटलें नाहीं. आणि स्वतःचें स्वप्न त्यांनीं तेथें न उभारतां येथें आणिलें. बोस्टन येथें त्यांच्या मित्रमंडळींनीं एक संस्था स्थापून दहा वर्षें द्रव्यसाह्य करण्याचें कबूल केलें, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन उघडलें. डॉलर आले ते विधवांच्या शाळेसाठीं. स्वप्नाची ही तऱ्हा हल्लीं दुर्मिळ झाली आहे.

डॉ. आंबेडकर १९१३ त सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठांत गेले व १९१६ पर्यंत तेथें राहिले. येथें ज्याला वर्गांत वेगळें बसविलें, त्याला तेथें ग्रंथालयाच्या टेबलाशीं कोणी जात विचारली नाहीं. पण ह्या अनुभवानें ते दिपून गेले नाहींत. अमेरिकेंतल्या काळ्यांचा प्रश्न आणि येथील अस्पृश्यांचा प्रश्न ह्यांतलें साम्य त्यांनीं ओळखलें होतें. १९४६ त त्यांनीं डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस ह्या काळ्या विद्वानास पत्र लिहून त्या लोकांनीं संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागविली होती.

आपल्यांतल्या कांहीं लोकांनीं मात्र चौकट मिळविण्यासाठीं भलताच मार्ग धरिला, हेंहि सांगितलें पाहिजे. त्या काळीं अमेरिकन नागरिकत्व गोऱ्यांना, आणि १८७० पासून आफ्रिकन वंशजांना, एवढ्यांसच खुलें होतें. भगतसिंग थिंड हे पंजाबी गृहस्थ पहिल्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यांत होते. त्यांच्या वतीनें असा युक्तिवाद करण्यांत आला कीं, ते उच्च जातीचे आर्य आहेत, म्हणून गोऱ्यांतच मोडतात. १९ फेब्रुवारी १९२३ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो फेटाळला. पंडितांचें वंशशास्त्र कांहींहि म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असा निर्णय दिला. भाषेच्या अभ्यासांतला ‘आर्य’ शब्द दाखवून दार उघडून घ्यावें, आणि तेंहि आपल्यामागें इतरांना तें बंद राहील अशा बेतानें, ही कल्पना संस्कृताच्या शिक्षकाला लाज आणणारी आहे.

ह्या निकालाचा फटका अगोदरच नागरिक झालेल्यांना बसला. वैष्णोदास बगाई हे पेशावरकडील गृहस्थ १९१५ त पत्नी कलाबाई व तीन मुलगे ह्यांसह सॅनफ्रान्सिस्कोस गेले होते. पदरीं पैसा होता. इंग्रजांच्या राज्यांत गुलाम म्हणून मुलें वाढवूं नयेत, हाच त्यांचा हेतु. बर्कली येथें घर घेतलें, तर शेजाऱ्यांनीं त्यांना आंत पाऊल ठेवूं दिलें नाहीं. तरी १९२१ त ते नागरिक झाले. निकालानंतर तें नागरिकत्व काढून घेण्यांत आलें, दुकान विकावें लागलें, हिंदुस्थानांत येऊन आप्तांना भेटावयाचें तर ज्या इंग्रजी सत्तेला ते सोडून आले तिचाच पासपोर्ट घ्या, असें सांगण्यांत आलें. १९२८ त त्यांनीं आत्मघात केला, आणि त्याचें कारण वर्तमानपत्रास पत्र लिहून कळविलें. कलाबाईंनीं मुलें वाढविलीं, शिकविलीं, त्या तेथेंच दीर्घकाळ राहिल्या, अनेक नवागतांच्या आधार झाल्या. ज्या बर्कलींत त्यांना घरांत शिरूं दिलें नाहीं, तेथल्या एका रस्त्यास अलीकडच्या वर्षांत त्यांचें नांव देण्यांत आलें आहे.

१९४६ च्या कायद्यानें हिंदी लोकांना वर्षास शंभर जागा मिळाल्या; १९६५ च्या कायद्यानें दार खऱ्या अर्थानें उघडलें, आणि आपले डॉक्टर व इंजिनियर त्यांतून आंत गेले. आज आपण ज्याला अमेरिकन स्वप्न म्हणतों तें ह्या दाराच्या आंतलें. पण त्यांतहि एक लांबलचक ओसरी आहे. १९९० च्या कायद्याप्रमाणें नोकरीच्या आधारावर कायम वास्तव्याचे परवाने वर्षाला सुमारें १,४०,००० निघतात आणि कोणत्याहि एका देशाच्या वांट्यास साधारणपणें शेंकडा सातांहून अधिक येत नाहींत. हिंदुस्थानच्या वांट्याला त्यामुळें वर्षानुवर्षांची रांग आली आहे. ह्या रांगेंतला माणूस पगारानें श्रीमंत असतो, पण नोकरी बदलावयाची तर दहा कागद तपासतो. लहानपणीं नेलेलें मूल एकवीस वर्षांचें झालें कीं आईबापांच्या परवान्यावर तें राहूं शकत नाहीं.

आणि त्यांच्या बायका? माझी एक विद्यार्थिनी, पदार्थविज्ञानांत पहिल्या वर्गानें एम्. एस्सी. झालेली, लग्न होऊन तिकडे गेली ती अवलंबून असलेल्या पत्नीच्या परवान्यावर. कायद्यानें तिला नोकरी करतां येत नव्हती. घर मोठें, फ्रीज मोठा, दिवस त्याहून मोठा. रविवारीं ती मंडळाच्या शाळेंत मुलांना मराठी बाराखडी शिकवी. तिच्या आईला सगळें कसें छान चाललें आहे असें वाटे, कारण व्हिडिओवर पाठीमागें घर दिसे. मे २०१५ पासून अशा परवान्यावरच्या कांहीं स्त्रियांना, त्यांच्या पतींचा अर्ज ठराविक पायरीपर्यंत गेला असेल तर, कामाची मुभा मिळूं लागली. पहिला पगार स्वतःच्या नांवें जमा झाला त्या दिवशीं तिनें मला फोन केला. आकडा सांगितला नाहीं, मींहि विचारला नाहीं. तिच्या आवाजावरून परीक्षेचा निकाल लागल्यासारखें वाटलें.

ह्याउलट दोन सख्खे भाऊ, दोघेहि माझ्याच वर्गांतले. धाकटा टेक्ससमध्यें आहे, रांगेची त्याला फिकीर नाहीं. कचेरींत वरिष्ठाला नांवानें हांक मारतां येते आणि त्याचें म्हणणें चुकलें तर तसें सांगतां येतें, ह्यांतच त्याला सगळें स्वातंत्र्य वाटतें. थोरला आठ वर्षें राहून पुण्यास परत आला. तिकडे मला कांहींच दुःख नव्हतें, असें तो म्हणाला, पण माझें कोणावांचून अडत नव्हतें आणि माझ्यावांचून कोणाचें अडत नव्हतें. दोघांची आई एकाला यशस्वी व दुसऱ्याला फसलेला समजते. मीं त्यांना एकदां सांगून पाहिलें कीं, बाई, दोघांनींहि आपापल्या मनचें केलें आहे, तेव्हां हिशेब सारखाच. त्यांना तें पटलें नाहीं. आपल्या घरांत मुलाचें सुख मोजावयाचें माप बहुधा आईबापांच्या कपाटांत असतें, आणि तें शेजाऱ्यांकडून उसनें आणिलेलें असतें.

आईबापांच्या स्वतःच्या सुखाविषयीं मात्र कोणी बोलत नाहीं. आमच्या आळींत एक दांपत्य आहे. गृहस्थ जिल्हा कचेरींतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. मुलाकडे न्यू जर्सींत दोनदां पांच-पांच महिने राहून आले. बाईंना तेथें करमलें नाहीं. भांडण नाहीं, सून चांगली; पण सकाळपासून दाराची कडी वाजत नाहीं, कोणी विरजण मागावयास येत नाहीं, हळदीकुंकवाचें बोलावणें पंधरा दिवस आधीं आणि तेंहि मोटारीनें चाळीस मिनिटांवरचें. यजमानांचें नेमकें उलटें. घरापासून बारा मिनिटांच्या चालीवर सार्वजनिक ग्रंथालय. वर्गणी नाहीं. एका वेळीं पुष्कळ पुस्तकें घरीं आणतां येतात, आणि टेबलापाशीं बसलेली बाई तुम्ही कोण, कोणत्या हुद्द्यावर होतां, मुलगा किती मिळवितो, ह्यांतलें अक्षर विचारीत नाहीं. आयुष्यभर साहेबांच्या टिपणांना ‘मान्यतेसाठीं सादर’ लिहीत बसलेल्या ह्या माणसानें तेथें एकोणिसाव्या शतकाचा अमेरिकन इतिहास चार खंड वाचून काढला. डग्लसचें पावाच्या तुकड्यांचें प्रकरण पहिल्यानें त्यांनींच मला सांगितलें.

ह्या वर्षीं तिकिटें काढण्याची वेळ आली तेव्हां बाईंनीं आपलें काढूं नये असें सुनेस कळविलें. मुलगा थोडा नाराज झाला. यजमान ऑक्टोबरांत एकटेच निघणार आहेत. त्यांच्यासाठीं बाईंनीं मेतकूट आणि थालिपिठाची भाजणी आतांपासूनच करून ठेविली आहे.